आयलिफच्या खोलीतला पसारा

शुक्रवार, ७ मार्च

मिळाला! चौथा सीझन मिळाला!

औदुनचा फोन सकाळी आला. हा वाहिनीवाला माणूस आनंदाची बातमीसुद्धा हवामानाच्या अंदाजासारखी सांगतो — "हं, तूवा, ते होतंय. ऑगस्टात शूटिंग." एवढंच! मी एकटीच स्वयंपाकघरात नाचले.

फोन ठेवण्याआधी म्हणाला, "‘उद्या बघू’ ही आपली मालिका लोकांना का आवडते सांगू? तुम्ही तिघं नाटक करत नाही. खरंच एका घरात राहता, पस्तिशी उलटली तरी भांडी कुणी घासायची यावरून भांडता. ज्या दिवशी तुमच्यातला कुणी शहाण्यासारखा वागायला लागेल ना, त्या दिवशी मालिका आटोपली."

मी म्हटलं, "आमच्यातला? शहाणा? अरे, आयलिफकडे अजून स्वतःचा टॉवेल नाही!"

हसला. औदुन हसला म्हणजे मोठीच गोष्ट.

फोन झाल्यावर आयलिफच्या खोलीत डोकावले, विषय शोधायला. स्वारी बाहेर. दिवसभर कुठे उंडारतो देव जाणे. पण खोली — वा! आज त्याच्या बुटात अर्धवट चावलेली कडक ब्रेडची चकती. बुटात! वर तपकिरी चीजसुद्धा नीट लावलेलं. ताबडतोब लिहून घेतलं, पहिल्या भागात घालणार. असा माणूस घरात असताना मला कल्पनाशक्तीची गरजच काय?

संध्याकाळी टाको. आम्ही मोलेनबर्गच्या या घरात विद्यार्थी म्हणून आलो तेव्हापासून एकही शुक्रवार चुकलेला नाही. आमच्यातल्या तिसरीने, सिनोवेने, कांदा चिरला, मी मांस परतलं, आयलिफ मालिकेतही घालतो तो हिरवा झगा घालून नुसता बसून राहिला. बातमी सांगितली तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग एकदम ओरडले, "अरे वा!" — पण आधी एकमेकांकडे बघितलं.

आणि मग — धक्का! जेवण झाल्यावर आयलिफने ओटा पुसला. नुसता पुसला नाही, फडकं पिळून, कोपरे जुळवून नळावर वाळत घातलं.

"तुला बरं नाहीये का?" मी विचारलं.

"चुकून हात गेला गं," म्हणाला आणि जांभई देत खोलीत झोपायला गेला. दहासुद्धा वाजले नव्हते.

रविवार, ९ मार्च

लख्ख ऊन. सगळं ट्रॉन्डहाइम स्की खांद्यावर टाकून डोंगरात. आयलिफच्या दारावर थाप मारली, उत्तर नाही. सिनोवे म्हणाली, "झोपू दे गं त्याला." जरा घाईनेच म्हणाली.

बुधवार, १२ मार्च

थंडी वाजत होती म्हणून आयलिफचा लोकरी स्वेटर घ्यायला त्याच्या खोलीत गेले. पलंगाखाली मोजे पडलेले. एक उचलला तर त्याला सेफ्टी पिनने चिठ्ठी टोचलेली — आयलिफ, सीझन तीन, स्वयंपाकघराचं दृश्य. आमच्या कपडेपटातली चिठ्ठी! म्हणजे हा सेटवरचे मोजे ढापतो!

आधी खूप हसले. मग मोजा नाकाजवळ नेला. (हे मी फक्त इथेच लिहू शकते.) साबणाचा वास. आयलिफचा मोजा, आणि साबणाचा वास! मग उशीचा वास घेतला — काहीच नाही. या खोलीला वासच नाही. खिडकी बंद, मोज्यांचा ढीग, संत्र्याची सालं, आणि वास नाही.

काहीतरी चुकतंय. काय ते कळत नाही.

गुरुवार, २० मार्च

आज जे पाहिलं ते लगेच लिहून ठेवते.

गुरुवारी मी वाहिनीच्या कचेरीत असते. आज औदुनची मुलगी आजारी, म्हणून बैठक रद्द. अकराला घरी परतले. आयलिफच्या खोलीत खुडबुड. म्हटलं, आज सापडला जागा! दार ढकललं.

आत तोरिल.

आमच्या सेटवरची तोरिल! घर राहतं वाटावं म्हणून टेबलावर उष्टे कप मांडणं, खुर्चीवर ओले टॉवेल टाकणं हा जिचा धंदा, ती अठ्ठावन्न वर्षांची तोरिल आयलिफच्या पलंगापाशी गुडघ्यावर बसलेली. केस विस्कटलेले, गाल लाल. मला बघून ताडकन उठली.

"अगं बाई! तूवा! तुझी बैठक नव्हती का?"

"तू इथे काय करतेयस?"

"मी — ते — आयलिफ म्हणाला —" मग कोट उचलला आणि मागच्या जिन्याने पळाली. पळाली! गुडघेदुखीचं कारण सांगून जी सेटवर कधी जिना चढत नाही ती!

मी पलंगाकडे बघितलं. चादर चुरगळलेली.

आयलिफ आणि तोरिल. तोरिल आणि आयलिफ! तिचा नवरा हार्मोनियम वाजवतो चर्चमध्ये! आणि मला कळलं कसं नाही? मी, जी या माणसाच्या बुटातला ब्रेडसुद्धा लिहून ठेवते!

शुक्रवार, २१ मार्च

टाको खाताना सहज म्हटलं, "काल तोरिल आली होती."

आयलिफच्या हातातला चमचा थेट आंबट सायीच्या वाटीत. सिनोवे लगेच, "उद्या बर्फ पडणार म्हणतात." दोघांनी मिळून हवामानावर अर्धा तास काढला. म्हणजे सिनोवेला ठाऊक आहे! सगळ्यांना ठाऊक आहे, मीच तेवढी आंधळी.

नंतर सिनोवेला गाठलं. ती म्हणाली, "त्याला वेळ दे. तो सांगेल."

बरं. देते वेळ. प्रेमच आहे, खून तर नाही केला.

मंगळवार, २२ एप्रिल

ईस्टरला नामसोसला आईकडे होते. आयलिफ म्हणाला होता, "मी कुठे जात नाही, इथेच लोळणार, संत्री खाणार, खुनाच्या मालिका बघणार." आज परत आले तर खोलीत संत्र्याच्या सालांचा डोंगर, अगदी सांगितल्याप्रमाणे. पण घर बर्फासारखं गार! त्याच्या खोलीतला हीटर हाताला थंडगार लागला. एवढ्या थंडीत हीटर न लावता कोण लोळतं?

गेला असणार तोरिलच्या बरोबर तिच्या डोंगरातल्या घरी. आणि नवरा? तोही होता का तिथे? माझं डोकं चालेनासं झालंय.

आई काय म्हणाली तेही लिहून ठेवते. "तुझी ती दोघं अजून तिथेच राहतात?" म्हटलं, "हो, का?" तर म्हणाली, "काही नाही. कौतुक वाटतं त्यांचं." त्यांचं? माझं नाही?

गुरुवार, १ मे

दुसऱ्या भागासाठी झकास कल्पना सुचली. आम्ही तिघं चुकून एका उपनगरातल्या श्रमदानात सापडतो. ती रांगेतली एकसारखी घरं, प्रत्येक दारात टपावर सामानाचा डबा लावलेली मोटार, आणि वसंतात सगळे बाप गुडघ्याला खिसे असलेल्या विजारी घालून पालापाचोळा गोळा करतात — ते! आयलिफ दंताळं उलटं धरतो, सिनोवे बन चोरून खाते, मी झुडपात लपून बसते. लिहिताना इतकी हसले की शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं.

शनिवारी हाइमदालला एक वसाहत बघून येते, चित्रीकरणासाठी. तिथे खरंच श्रमदान आहे म्हणे.

शनिवार, ३ मे

काय लिहू? कुठून लिहू?

बसमधून उतरले. वसाहत अगदी हवी तशी — लाल घरं, पांढऱ्या चौकटी, मधे झेंड्याची काठी. तीसेक माणसं कामाला लागलेली. मी नुसती कुंपणापाशी उभी राहून फोटो काढणार होते. तेवढ्यात पिवळे हातमोजे घातलेली एक म्हातारी आली, माझ्या हातात दंताळं दिलं.

"तू त्या टोकाच्या घरातली ना, नवी? बरं झालं आलीस. आधीचे लोक कधी तोंड दाखवायचे नाहीत."

मी "नाही" म्हणायला हवं होतं. पण हातात दंताळं आल्यावर आणि आजूबाजूला सगळे वाकून काम करत असताना "मी इथली नाही" म्हणायची माझ्या बापाची टाप नाही. कुणी नावही विचारलं नाही. लागले ओढायला. तासभर पाला ओढत होते. शेजारचा दाढीवाला म्हणाला, "यंदा चुकारपणा चालायचा नाही हं, आयलिफने सगळ्यांना कामं नेमून दिलीत."

मी मनात हसले. म्हटलं, बघा, आयलिफ नावाची शहाणी माणसंही असतात!

मग मागून आवाज आला. "कुजणारा कचरा डावीकडे! डावीकडे म्हटलं ना मी!"

तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

वळून बघितलं. आयलिफ. पिवळं जाकीट. गुडघ्याला खिसे असलेली विजार. दाढी कालच्या टाकोला होती त्यापेक्षा नीट विंचरलेली. गळ्यात शिट्टी! आणि त्याच्या बोटाला धरून एक सहा-सात वर्षांची मुलगी, दोन दात पडलेले, "आयलिफ, मला वेलदोड्याचा बन दे ना, तू म्हणालास देईन."

त्यानेही मला बघितलं. चेहरा पांढराफटक. मग हा पठ्ठ्या काय म्हणाला?

"तूवा. तुला... कचऱ्याच्या पिशव्या हव्यात का?"

आणि मी म्हटलं, "हो. दोन दे."

मला अजून खरं वाटत नाही की मी हे म्हटलं.

तेवढ्यात थर्मास आणि वॅफल घेऊन एक बाई आली. उंच, हसरी, हात चांगले मजबूत. "अगं, तू तूवाच ना! टीव्हीवर जाड दिसतेस गं. मी सोल्फ्रिड. ही माझी विल्दे. शेवटी एकदाची आलीस! मी याला कितीदा सांगितलं, कामावरच्या लोकांना घरी बोलाव म्हणून."

कामावरचे लोक! पंधरा वर्षं एका बाथरूमसाठी भांडलो आम्ही, आणि मी कामावरचे लोक!

ती बोलतच होती. "एक सांगू? रागावू नकोस. पण दर शुक्रवारी एवढा उशीर — तुमच्या त्या तालमी दुसऱ्या दिवशी नाही का ठेवता येत? शुक्रवारी विल्दे वाट बघते त्याची."

आणि माझ्या तोंडातून गेलं. जाणूनबुजून नाही. खरंच नाही.

"कसल्या तालमी? शुक्रवारी आम्ही टाको खातो. त्याच्याच घरी."

"त्याच्या घरी?" सोल्फ्रिड म्हणाली.

कुणी आवाज चढवला नाही. आयलिफ झेंड्याच्या काठीकडे बघत होता. सोल्फ्रिडने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं, मग पुन्हा उघडलं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या दाढीवाल्याला विचारलं, "तुला दूध हवंय का कॉफीत?"

मी दंताळं भिंतीला नीट टेकवून ठेवलं आणि बसथांब्याकडे चालू लागले.

रविवार, ४ मे

आयलिफ आला. पुढच्या जिन्याने, बेल वाजवून! स्वतःच्या घराची बेल! सिनोवे होतीच. आम्ही स्वयंपाकघरात बसलो, तो कोटसुद्धा न काढता.

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

"ऑक्टोबर! आणि दर शुक्रवारी झोपायला जातोस ते?"

"मागच्या जिन्याने उतरतो. मग बस."

म्हणजे मी इथे बसून सिनोवेला "हळू बोल, तो झोपलाय" म्हणायची आणि हा हाइमदालच्या बसमध्ये! आणि सिनोवे मान डोलवायची! तिच्याकडे बघितलं तर ती टेबलक्लॉथच्या झालरीशी खेळत होती.

"आणि तोरिल?"

"तिला मी गळ घातली. खोली राहती दिसायला हवी ना. ती म्हणाली, आठवड्यातून एकदाच येईन, आणि पसारा कसा मांडायचा त्यात तू तोंड घालायचं नाही."

"बुटातला ब्रेड?"

"तोरिल."

"उशीखालचं संत्रं?"

"तोरिल."

"खिडकीत वाळत घातलेलं भांडी पुसायचं फडकं, त्याला बांधलेला दात घासायचा ब्रश?"

"तेही तोरिल. त्याचा तिला फार अभिमान आहे. तू ते पटकथेत घातलंस कळल्यावर रडली ती."

मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. मला काय जास्त लागलं तेच कळेना — तो गेला हे, की मी त्याच्यावर प्रेमाने लिहीत होते आणि तो तोरिलचा पसारा होता हे. आणि मी बिचाऱ्या तोरिलबद्दल काय काय मनात आणलं होतं! ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. मेले तरी सांगणार नाही.

"अरे पण सांगायचं ना, गाढवा!"

"सांगणारच होतो. पहिल्याच शुक्रवारी. तर त्या दिवशी तू म्हणालीस, आपल्यातलं कुणी गेलं तर मी लिहिणंच सोडेन. इतकी खुशीत होतीस. म्हटलं पुढच्या शुक्रवारी सांगू. मग पुढच्या."

"आणि सोल्फ्रिडला खोटं का सांगितलंस? तिने तर तुला घरात घेतलं होतं."

तो म्हणाला, "तिला वाटलं मी ही खोली केव्हाच सोडली. मला सोडवेना. तिथे फार छान आहे तूवा. विल्देचे बूट, सोल्फ्रिडचे, माझे, दारात एका ओळीत असतात. मला आवडतं ते. पण तिथे असलो की वाटतं, मी कुणाचं तरी काम करतोय. शिट्टीबिट्टी घालून. आणि इथे येऊन तो हिरवा झगा घातला की इथेही तसंच वाटतं."

"मग तू स्वतः कुठे असतोस?" सिनोवेने विचारलं.

"बसमध्ये," तो म्हणाला.

तिघंही हसलो. हसण्यासारखंच होतं.

जाताना मी म्हटलं, "आधी घरी जा आणि तिच्याशी नीट बोल. आज." तो म्हणाला, "उद्या ब—" आणि थांबला. मग मान डोलावून गेला. पुढच्याच जिन्याने. मला त्याचा फार राग आलाय. आणि त्याची फार आठवण येतेय, जाऊन दहा मिनिटं झाली नाहीत तर.

सोमवार, ५ मे

तळहाताला फोड आलाय, दंताळ्याचा. हे कुणाला सांगणार नाही — पण तो एक तास मला फार आवडला होता. मी ओढलेला पाला दिसत होता, ढीग वाढत होता. कुणी माझ्यावर हसत नव्हतं. मला! श्रमदान आवडलं! मलाच धक्का बसला.

शुक्रवार, ९ मे

टाको नाही. सिनोवे आणि मी कडक ब्रेड खाल्ला, चीज लावून, उभ्या उभ्या.

सिनोवे म्हणाली, "तूवा, मीपण एक सांगू?" मी म्हटलं, "नको." तिने सांगितलंच. लादे भागात एक खोली-स्वयंपाकघर बघून ठेवलंय. मागच्या हिवाळ्यापासून! "तू एकटी पडशील म्हणून थांबले होते."

आईला कौतुक कुणाचं वाटत होतं ते आज कळलं. आईलाही दिसत होतं, नामसोसमधून!

शनिवार, १७ मे

राष्ट्रीय दिनाची मिरवणूक. बाजारचौकात मुंगीला शिरायला जागा नाही. वाद्यं, झेंडे, सगळ्यांच्या अंगावर भरतकामाचे कपडे, सगळ्यांच्या हातात सॉसेज. माझ्या बुनादच्या, म्हणजे त्या सणाच्या पोशाखाच्या, पट्ट्याला आणखी एक भोक पाडावं लागलं. सोल्फ्रिड म्हणाली होती टीव्हीवर जाड दिसते म्हणून — नुसती टीव्हीवर नाही.

लांबून दिसल्या त्या. विल्देच्या नाकाला आइस्क्रीम. सोल्फ्रिडने मला बघितलं, हात वर केला, खाली घेतला. मीही हात वर केला. आयलिफ दिसला नाही, आइस्क्रीमच्या रांगेत असेल. मी पुढे गेले नाही. आज त्यांचा दिवस, म्हटलं, कशाला मधे कडमडायचं.

मंगळवार, २७ मे

नवा पहिला भाग औदुनला दिला. त्यात आयलिफ नावाचा माणूस मागच्या जिन्याने पळतो आणि सेटवरची एक बाई त्याच्या खोलीत पसारा मांडते. घाबरतच दिला. म्हटलं, आता म्हणेल, आटोपलं.

संध्याकाळी फोन. "तूवा. हे कुठून सुचलं तुला?" मी म्हटलं, "असंच." तो म्हणाला, "आजवरचं सगळ्यात चांगलं आहे." मग खालच्या आवाजात, "मी घर घेतलंय. रांगेतलं. तुला सांगायची हिंमत होत नव्हती."

औदुनसुद्धा! माझी इतकी भीती वाटते सगळ्यांना? मी काय करते म्हणून?

गुरुवार, १२ जून

मोलेनबर्गचं घर सोडतेय. ठरलं. दोघंही नसताना मी इथे बसून काय करू, सेटची राखण? औदुन म्हणतो, काही बिघडत नाही, हेच घर टिलर भागातल्या गोदामात जसंच्या तसं उभं करू. आज तोरिल फीत घेऊन आली, भिंती मोजून गेली. माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "गुपित राखायला माझं डोकं मुळीच चालत नाही गं." मी म्हटलं, "पसाऱ्यात मात्र तुझा हात कुणी धरणार नाही."

मी रानहाइमला एक छोटी जागा घेतेय. घरमालकिणीला पहिला प्रश्न काय विचारला? "इथे श्रमदान असतं का?" असतं म्हणाली.

आयलिफही आला होता किल्ली द्यायला. वाळलेला दिसला.

"हाइमदालला कसं चाललंय?"

"ठीक."

"सोल्फ्रिड?"

"ठीक. चिडली होती. पण ठीक आहे."

"तुझं सामान?"

"राहू दे. पलंग, गादी, सगळं सेटवरच न्या. तिथे लागेलच."

उन्हाळी कोट अंगात, पाठीला मोठी पिशवी. म्हटलं, डोंगरात निघालास का? "हं," म्हणाला. जाताना त्याने पुन्हा ओटा पुसला. या वेळी फडकं मी वाळत घातलं. तीनतीनदा ठीक म्हणाला म्हणजे ठीकच असणार.

शुक्रवार, १ ऑगस्ट

रानहाइम. समुद्र दिसतो, टाको नाही. सिनोवेचा फोन: "तुला शुक्रवारी भूक लागते का गं?" लागते.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सोमवारपासून शूटिंग. आज सकाळी टिलरला सेट बघायला गेले. गोदामाचं दार उघडलं आणि आमचं घर! तोच ओटा, तीच झालर. फक्त नळाला पाणी नाही आणि वर छत नाही.

आयलिफच्या खोलीत पाऊल टाकलं आणि थक्क झाले. चुरगळलेली दुलई, पलंगाखाली मोजे, खुर्चीवर उन्हाळी कोट, भिंतीला चिकटवलेलं लहान मुलाचं चित्र — झेंड्याची काठी, तीन माणसं, त्यातली एक दोन दात नसलेली मुलगी. आणि वास! खरा, आयलिफच्या मोज्यांचा वास!

"तोरिल!" मी ओरडले. "कमाल केलीस! या वेळी वाससुद्धा आणलास!"

तोरिल दारात येऊन उभी राहिली. खोलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ती खोली मी रविवारी लावणार होते," ती म्हणाली. "अजून हात लावलेला नाही मी."

गादीवर हात ठेवून बघितला. कोमट होती. आणि खुर्चीवरचा कोट किल्ली द्यायला आला तेव्हा त्याच्या अंगात होता तोच.

सिनोवेला फोन केला. आज शुक्रवार आहे. टाकोचं सामान आणायला चालले आहे, तिघांपुरतं.